मावशींचे तीन जिन्नस

खोली म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आजवर कुणालाच कसा पडला नाही, याचं नगर परिषदेला फार नवल वाटलं. लोक पिढ्यान्‌पिढ्या खोल्यांमध्ये झोपत होते, भांडत होते, खोल्या भाड्याने देत-घेत होते, आणि खोली कशाला म्हणायचं हे एकालाही लेखी ठाऊक नव्हतं. हा ढिसाळपणा दूर करण्यासाठी परिषदेने समिती नेमली, समितीने उपसमिती नेमली आणि उपसमितीने बराच चहा पिऊन व्याख्या तयार केली: 'ज्या बंदिस्त जागेचे दार आतून कडी लावून बंद करता येते, ती खोली.' व्याख्या छानच होती. सुटसुटीत होती. एवढा चहा पिऊनही उपसमितीतल्या एकाही सदस्याला मधेच उठून कुठे जावं लागलं नाही, एवढंच दुर्दैव.

त्याच कागदावर खाली आणखी एक नियम होता. निवासी पट्ट्यातल्या घरात भाड्याच्या तीन खोल्या चालतील. चौथी झाली की ते घर उरत नाही, वसतिगृह होतं. आणि वसतिगृहामुळे निवासी पट्ट्याची शांतता, प्रतिष्ठा आणि गाड्या लावायची जागा या तिन्ही गोष्टी धोक्यात येतात.

मावशींना यातलं काहीएक माहीत नव्हतं. मावशी म्हणजे गल्लीच्या टोकाला जे दुमजली घर आहे, त्याच्या मालकीणबाई. यजमान गेल्यावर त्या खाली राहू लागल्या आणि वरच्या तीन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या. पहिल्या खोलीत नर्सबाई. ही पोरगी रात्रपाळी करून सकाळी झोपायची. दुसऱ्या खोलीत बसवाला. हा दिवसभर शहरभर बस हाकायचा आणि घरी आल्यावर जिनासुद्धा वळण घेतल्यासारखा चढायचा. तिसऱ्या खोलीत तात्या. तात्या घड्याळं दुरुस्त करायचे, आता निवृत्त झाले होते. पण लोक आणून दिलेली घड्याळं परत न्यायला विसरतात, त्यामुळे खोलीभर टिकटिक चालायची.

मावशी दिवसभर या तिघांच्या नावाने खडे फोडत. हा दिवा चालू ठेवतो, ती ओल्या पायांनी फिरते, ते म्हातारबुवा तर बोलायलाच नकोत. पण तिघांपैकी एखाद्याला यायला उशीर झाला, की मावशींच्या घशाखाली घास उतरत नसे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आम्ही सांगतोय.

तर सगळं सुरळीत चाललं होतं आणि म्हणूनच शेजारच्या अध्यक्षांना ते खुपलं. गल्ली हितरक्षक मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळात त्यांच्याखेरीज कोण आहे, हे मंडळालाही नक्की माहीत नव्हतं. 'भाडेकरूंमुळे गल्लीचा दर्जा घसरत आहे,' असा अर्ज त्यांनी परिषदेकडे दिला आणि चौथ्या दिवशी निरीक्षक हजर झाले.

माणूस सज्जन होता, हीच तर पंचाईत. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं, मावशींच्या गुडघ्याची चौकशी केली. खडूस असता तर मावशींनी दोन शब्द सुनावून वाटेला लावला असता. वर जाऊन निरीक्षकांनी दारं पाहिली. टोकाच्या दारापाशी थांबले, आत गेले, कडी लावली, कडी काढली आणि बाहेर आले.

"चार," ते म्हणाले.

"चार कुठल्या? तीनच आहेत."

"ही चौथी."

"अहो साहेब, ते न्हाणीघर आहे!"

"आतून बंद होतं."

"होणारच की! न्हाणीघर आतून नाही बंद करायचं तर काय बाहेरून करायचं?"

"बाहेरून केलंत तर काही हरकत नाही," निरीक्षक मनापासून म्हणाले. "व्याख्येत फक्त आतून आहे."

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून बसवाला आला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं झालं असेल तर मी जाऊ का? मला जरा वेळ लागतो आत." निरीक्षकांनी त्याचं नाव-गाव विचारलं आणि टिपून घेतलं: दुसऱ्या खोलीतला भाडेकरू चौथी खोलीही वापरतो.

"आता असं आहे मावशी," निरीक्षक अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "एक खोली तुम्हाला रिकामी करावी लागेल. न्हाणीघर रिकामं करता येईल का?"

"ते रिकामंच असतं!"

"तसं दिसत नाही," निरीक्षक म्हणाले, कारण आतून बसवाल्याने गाणं सुरू केलं होतं. "मग ज्या खोलीची खिडकी सगळ्यात लहान, ती खाली करायची. तसा नियम आहे."

सगळ्यात लहान खिडकी तात्यांची होती.

तात्या एरवी वचावचा भांडणारा माणूस. पाण्याच्या धारेवरून भांडतील, पेपरच्या घडीवरून भांडतील. पण हे ऐकल्यावर खोलीत गेले आणि एकेक घड्याळ बंद करून जुन्या पेपरात गुंडाळायला लागले. खाली मावशींना टिकटिक कमी कमी होत चाललेली ऐकू येत होती. इतकी वर्षं त्या टिकटिकीला शिव्या घातल्या होत्या; आता ती थांबत चालली तर त्यांना खाली बसवेना. तशाच गुडघा धरून जिना चढल्या.

"खबरदार, आणखी एक घड्याळ बंद केलंत तर!"

"मग काय करू? मुलाकडे जागा नाही. त्याच्याकडे खोल्या पुष्कळ आहेत, जागा नाही."

"तुम्हाला कुणी जायला सांगितलंय? अरे ए बसवाल्या, पान्हा आण तुझा. त्या न्हाणीघराची कडी काढून टाक!"

कडी निघाली. कायद्याने आता घरात तीनच खोल्या उरल्या. पण कडी नसलेल्या न्हाणीघरात जायचं म्हणजे जोखमीचं काम. तेव्हा घराने आपापल्या परीने उपाय काढला. नर्सबाई दाराबाहेर चपला उलट्या ठेवायच्या. तात्या आत गेल्यावर सारखे खोकायचे. मधेच खोकला आवरला तर लोक घाबरून दार ठोठावायचे. बसवाला मोठमोठ्याने गायचा आणि दारावर कुणाची चाहूल लागली की तोंडाने हॉर्न वाजवायचा. मावशी खालून ओरडायच्या, "अरे, गल्ली जागी होतेय!"

गल्ली खरोखरच जागी झाली. अध्यक्षांनी दुसरा अर्ज केला: 'सदर घरातून पहाटे वाहनाचा आवाज येतो, मात्र वाहन दिसत नाही.'

निरीक्षक पुन्हा आले. पुन्हा चपला, पाणी, गुडघा. वर जाऊन त्यांनी कडी नसलेलं दार पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, हे काय करून बसलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, कडी आहे म्हणून खोली?"

"हो, पण आरोग्य विभागाचा नियम आहे, जिथे आतून कडी नाही ते न्हाणीघर नव्हे. म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यावर आता न्हाणीघरच नाही. आणि न्हाणीघर नसलेला मजला निवासी धरता येत नाही."

"मग काय धरता येतो?"

निरीक्षकांनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"गोदाम! मावशी, सुटलात तुम्ही. गोदामाला खोल्यांची मर्यादाच नाही. तीन ठेवा, तीस ठेवा. खिडकी नको, गाडीची जागा नको, करही कमी."

मावशींच्या जिवात जीव आला. त्यांनी साहेबांसाठी चहा टाकला. चहाचा पहिला घोट घेतल्यावर निरीक्षक म्हणाले, "फक्त एक आहे. गोदामात माणसांना राहता येत नाही."

"मग या तिघांना काय हवेत ठेवू?"

निरीक्षक विचारात पडले. मघाशीच म्हटलं, माणूस सज्जन होता. नियमाच्या बाहेर तो नखभर सरकला नसता. पण नियमाच्या आत राहून मावशींसाठी काही करता येत असेल तर चहा गार होईपर्यंत डोकं चालवायची त्याची तयारी होती. कप खाली ठेवून ते म्हणाले, "माणसं राहू शकत नाहीत. जिन्नस राहू शकतात."

अशा रीतीने नर्सबाई जिन्नस क्रमांक एक झाल्या, बसवाला दोन आणि तात्या तीन. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने चिठ्ठी बांधली गेली. नर्सबाईंच्या चिठ्ठीवर 'जपून हाताळावे' असं लिहिलं होतं. ते वाचून त्या दिवसभर खूश होत्या. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली, पण असा विचार त्यांच्याबद्दल कुणी केला नव्हता. बसवाल्याच्या चिठ्ठीवर 'वरची बाजू वर' असं होतं. तात्यांच्या चिठ्ठीवरचं 'जुना साठा' वाचून मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"जुना? मी जुना?"

"साहेब, त्यांचं 'वापरलेला' करता येईल का?" मावशींनी विचारलं.

"त्यासाठी आधी कुणी तरी वापरलेलं असावं लागतं," निरीक्षक म्हणाले.

जिन्नस ओल लागू नये म्हणून जमिनीपासून वीतभर उंच ठेवायचे असतात; खाटा होत्याच, काम भागलं. जिन्नस बाहेर काढायचा तर 'निर्गम' आणि परत आणायचा तर 'आगम' अशी नोंद करावी लागते. मावशी रोज संध्याकाळी दारात उभं राहून नर्सबाईंना ड्युटीवर 'निर्गम' करू लागल्या. "डबा घेतलास का?" असंही त्या विचारायच्या, पण ते नियमात नव्हतं. बसवाला रात्री आला की दारातून ओरडायचा, "मावशी, आगम!" आणि मावशी जेवण गरम करायला घ्यायच्या. खरं सांगायचं तर तिघांना जिन्नस झाल्याचा काही त्रासच वाटेना. वाढदिवस विसरला तरी चालतो, मत विचारलं नाही तरी राग येत नाही.

पण अध्यक्ष कुठले गप्प बसायला! त्यांनी तिसरा अर्ज केला आणि या वेळी मात्र त्यांनी मर्मावर बोट ठेवलं: 'सदर जिन्नस कोणाच्या मालकीचे आहेत?'

निरीक्षक आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नाही, यावरूनच मावशी समजून चुकल्या.

"गोदामातल्या प्रत्येक जिनसाला मालक लागतो, मावशी. मालकाने येऊन सही करायची."

"मीच करते."

"तुम्ही गोदामपाल. दुसऱ्याच्या जिनसावर तुम्ही मालकी सांगितलीत तर अफरातफर होईल."

"मग मी माझी मालक," नर्सबाई म्हणाल्या.

"जिन्नस स्वतःचा मालक होऊ शकत नाही. घरचं कुणी?"

"घरचे म्हणतात, मालकाचा शोध चालू आहे. दोन स्थळं येऊन गेली."

बसवाल्याला पुढचं-मागचं कुणी नव्हतं. राहता राहिले तात्या. तात्यांना मुलगा होता.

"तो सही नाही करायचा," तात्या खाली बघत म्हणाले. "सही केली तर न्यावं लागेल ना."

निरीक्षकांनी पुस्तक मिटलं. त्यांचे डोळे खरंच ओलावले होते. "ज्या जिनसाला मालक नाही तो बेवारस, मावशी. आणि बेवारस जिनसांचा जाहीर लिलाव करावा लागतो. येत्या रविवारी, सकाळी, तुमच्याच अंगणात."

मावशींनी त्या आठवड्यात एकदाही कुणाच्या नावाने खडे फोडले नाहीत. दिवा चालू राहिला, राहू दिला. ओले पाय जिनाभर उमटले, उमटू दिले. एकदा तर तात्यांनी मुद्दाम पेपराची घडी विस्कटून टाकली, तरी मावशी "असू दे" म्हणाल्या. ते ऐकून तात्या जे घाबरले, ते जेवलेच नाहीत.

रविवारी सगळी गल्ली लोटली. भाडेकरूंमुळे गर्दी होते म्हणून कुरकुरणारे झाडून सगळे आले होते; येताना घरून खुर्च्या घेऊन आले होते. पहिल्या रांगेत अध्यक्ष. तिन्ही जिन्नस एका टेबलावर ओळीने उभे केले होते.

"जिन्नस क्रमांक एक," निरीक्षकांनी पुकारलं. "नर्स. चालू स्थितीत."

एकदम पंधरा-वीस हात वर झाले.

"इंजेक्शन घरच्या घरी देईल ना?"

"रात्रभर जागते म्हणजे राखणही होईल."

"हिला स्वयंपाक येतो का?" असं मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यात उंच हात अध्यक्षांचा होता. त्यांना रक्तदाब होता. "मी घेतो! घरचंच माणूस म्हणून ठेवीन!"

"कुठे ठेवाल?" निरीक्षकांनी विचारलं.

"जिन्याखाली जागा आहे की."

"चालेल. जिनसाला खिडकी लागत नाही."

नर्सबाईंनी मावशींकडे पाहिलं. बोली चढत चालली होती. एकजण म्हणत होता, आमच्याकडे माळा आहे, दुसरा म्हणत होता, आमच्याकडे गॅलरीत पत्रा टाकलाय. ज्या गल्लीत चौथ्या खोलीला जागा नव्हती, तिथे घरोघर कुठे ना कुठे जागा निघत होती. निरीक्षकांनी लाकडी हातोडी उचलली आणि मावशी ओरडल्या, "थांबा! जिनसातले दोष सांगायला परवानगी आहे का?"

निरीक्षकांनी पान काढलं, वाचलं आणि मान वर केली. "परवानगी नाही, मावशी. सक्ती आहे."

मग काय विचारता! आठवडाभर तुंबलेलं तोंड सुटलं.

"ही पोरगी झोपेत बोलते. नुसती बोलत नाही, रोग सांगते. एकदा झोपेत म्हणाली, 'शेजारचे अध्यक्ष फार दिवस काढत नाहीत.' आता ते उगाच की खरं, देव जाणे. हिला सकाळी कुणी हाक मारली तर हाताला लागेल ते फेकून मारते. आणि इंजेक्शनचं म्हणाल, तर हिचा हात हलका आहे असं अजून एकही पेशंट म्हणालेला नाही!"

हात पटापट खाली आले. अध्यक्षांचा सगळ्यात आधी, आणि खाली आला तो थेट नाडी बघायला गेला.

"जिन्नस क्रमांक दोन. बसचालक."

"हा?" मावशींनी पदर खोचला. "याला बसच्या थांब्याशिवाय थांबताच येत नाही. बाजारात पाठवलं तर दुकानावरून पुढे जातो, म्हणतो थांबा पुढे आहे. जेवताना उजवीकडच्याला न विचारता कोपर घालतो. याला सुट्टीच्या दिवशी घरी ठेवलंत तर चारचौघांना दरडावतो, 'पुढे सरका, पुढे सरका!' स्वतःच्या घरात तुम्ही किती पुढे सरकणार?"

वर आलेला एकही हात राहिला नाही. बसवाला खाली मान घालून उभा होता, पण खांदे हसण्याने हलत होते.

"जिन्नस क्रमांक तीन. तात्या. जुना साठा."

कुणी हात वर केला नाही, कुणी काही विचारलंही नाही. दोघातिघांनी तर खुर्च्या उचलल्या. तात्या टेबलावर उभे राहून एकेका तोंडाकडे बघत होते. "अरे, एखादा तरी!" ते पुटपुटले. "घ्या म्हणत नाही. नुसतं विचारा तरी, बरा आहेस का म्हणून."

"बोली नाही, मावशी," निरीक्षक म्हणाले. "दोष सांगायची गरज नाही."

"गरज नसली तरी सांगू द्या मला!" मावशी टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "हा माणूस चहा बशीत ओततो आणि बशी तशीच ठेवतो, मुंग्या होतात. माझं काही ऐकून घेत नाही. औषध घेतलं म्हणतो आणि गोळी कुंडीत पुरतो. झाडाचा रक्तदाब उत्तम आहे. माझ्या यजमानांचं घड्याळ दुरुस्तीला दिलं, तर अजून परत देत नाही. विचारलं की म्हणतो, चालू करून दिलं तर तुम्ही वर यायचं बंद कराल. भांडणात हार मानत नाही. मी आजारी पडले तेव्हा रात्रभर पायऱ्यांवर बसून राहिला आणि सकाळी म्हणाला, झोप येत नव्हती. खोटं बोलतो! पहिल्या नंबरचा खोटारडा आहे!" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तात्यांवरच डाफरल्या, "उतरा आता खाली, पडाल!"

न विकला गेलेला जिन्नस आहे त्या गोदामात कायमचा राहतो, असं पुस्तकात होतं. निरीक्षकांनी तीनदा वाचून खात्री करून घेतली आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर शिक्का मारला: 'निकामी. हलवू नये.' मग त्यांनी पाणी मागितलं. अध्यक्ष मागे रेंगाळले आणि नर्सबाईंना म्हणाले, "ते झोपेतलं... नक्की काय म्हणाला होतात?" नर्सबाई म्हणाल्या, "आठवत नाही हो. झोपले की सांगते."

इथे गोष्ट संपली असती, पण तुमच्याबद्दल बोलायचं राहिलं. तुम्हीही होतात की त्या रविवारी! खांबाच्या आड खुर्ची टाकली होतीत, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण स्वयंपाकाचं विचारणारा आवाज आम्ही बरोबर ओळखला. असू द्या, आम्ही कुणाला सांगणार नाही. फक्त एवढं आहे, की निरीक्षकांनी जाताजाता या गल्लीनंतर पुढच्या गल्ल्या घ्यायच्या आहेत असं सांगितलं, आणि त्यात तुमचीही आहे. उद्या तुम्हाला त्या टेबलावर उभं केलं, तर शेजारी उभं राहून तुमचे दोष न अडखळता, डोळे पुसत सांगत राहील, असं तुमच्या घरात कोण आहे? घाई नाही, सावकाश आठवा. आणि कुणीच आठवलं नाही, तर निदान स्वयंपाक तरी शिकून ठेवा.